निक्सओएसवर फायरवॉल एकाच फाईलमध्ये कशी लिहावी

नागपुरात इतवारीच्या धान्यबाजारात माझ्या भाऊजींचे ठोक दुकान आहे. त्या दुकानाच्या माळ्यावर, जुन्या खातेवह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी, एक लहानसा संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. विजेची एक आणि नेटवर्कची एक अशा दोनच तारा आहेत. खाली गल्ल्याजवळच्या तीन संगणकांवर हिशेबाचे जे सामायिक फोल्डर उघडते ते याच्यावरचे असते, बिलांचा प्रिंटर याच्याच मार्फत चालतो, आणि मी त्रिमूर्तीनगरातल्या घरून त्याची देखभाल करतो. पूर्वी त्याच्या फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरून कोणाला आत येऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचे, नियम मी गरज पडेल तसे हाताने टाइप करीत असे. दोन वर्षांनी यादी काढून पाहिली तेव्हा उघड्या पोर्टांपैकी, म्हणजे निरनिराळ्या सेवांसाठीच्या क्रमांकित दारांपैकी, निम्मी पोर्ट कशासाठी उघडली होती हे मला स्वतःलाच सांगता येईना, आणि त्याच आठवड्यात मी तो संगणक निक्सओएसवर नेला.

निक्सओएस ही लिनक्सचीच एक प्रणाली आहे, पण तिची रीत वेगळी आहे. इतरत्र आपण यंत्राला ‘हे पोर्ट उघड, ते बंद कर’ असे एकामागून एक हुकूम देतो. येथे यंत्राची स्थिती शेवटी कशी असावी ते एका फाईलमध्ये लिहून द्यायचे असते, आणि त्या स्थितीपर्यंत पोहोचण्याचे काम प्रणाली स्वतः करते. या पद्धतीला डिक्लरेटिव्ह म्हणतात. फायरवॉलच्या बाबतीत तिचा अर्थ इतकाच की जे फाईलमध्ये लिहिलेले आहे तेवढेच उघडे राहते, आणि हाताने टाइप केलेला नियम यंत्र पुन्हा चालू झाल्यावर उरत नाही.

ज्यांनी निक्सओएस नुकतीच बसवली आहे आणि आता नेटवर्कवर एखादी सेवा सुरू करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

१. सुरू करण्यापूर्वी हाताशी काय असावे

त्या यंत्रावर सुडो वापरण्याचा, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा चालवण्याचा, अधिकार लागेल. त्याच नेटवर्कवरचा दुसरा एक संगणक लागेल, कारण स्वतःची फायरवॉल स्वतःच्याच यंत्रावरून तपासता येत नाही. त्या दुसऱ्या संगणकावर एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारे साधन आधीच बसवून ठेवावे. यंत्र दूर असेल तर त्याच्याजवळ फोन उचलणारा एक माणूस असावा. शिवाय वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, करून ठेवावी. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण सहाव्या पायरीत तिच्यावरच सगळे अवलंबून आहे.

२. आधी कागदावर यादी करावी

फाईल उघडण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत: कोणती सेवा, कोणते पोर्ट, आणि ती कोणाला मिळावी. तिसरा रकाना नवखे लोक हमखास गाळतात आणि पुढची बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते. आमच्या दुकानाच्या यादीत दुरून प्रवेशासाठी एसएसएच, म्हणजे टीसीपी २२, फक्त माझ्यासाठी होते (टीसीपी आणि यूडीपी हे नेटवर्कवर माहिती पाठवण्याचे दोन प्रकार आहेत). फोल्डर सामायिक करणारे सांबा, म्हणजे टीसीपी ४४५, गल्ल्यावरच्या तीन संगणकांसाठी होते. आणि प्रिंटरचे टीसीपी ६३१ दुकानातल्या सर्वांसाठी. पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ मी आधी लिहिले आणि मग खोडले, कारण तो डेटाबेस वापरणारा प्रोग्राम त्याच यंत्रावर चालतो. यंत्राची स्वतःशी होणारी जोडणी फायरवॉल अडवीत नाही, त्यामुळे त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही.

‘राउटर आहे, मग यंत्राची वेगळी फायरवॉल कशाला?’ असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. आयपीव्ही४ वर, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, घरातील सगळी यंत्रे राउटरच्या एकाच पत्त्यामागे लपतात, म्हणून तो आडोसा पुरेसा वाटतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक यंत्राला बाहेरून दिसू शकणारा स्वतःचा पत्ता मिळतो, आणि राउटरने अडवले नाही तर थेट यंत्रापर्यंत पोहोचता येते. निक्सओएसमध्ये पोर्ट उघडण्याच्या ज्या साध्या ओळी आपण पुढे पाहणार आहोत त्या दोन्ही प्रकारच्या पत्त्यांना लागू होतात, ही मोठी सोय आहे.

३. फाईल आणि तिचे व्याकरण

मुख्य फाईल ईटीसी या फोल्डरातील निक्सओएस फोल्डरात असते आणि तिचे नाव कॉन्फिगरेशन डॉट निक्स असे आहे. या लेखात मी ओळी नागरीत, उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. फाईलमध्ये त्या रोमन लिपीतच लिहायच्या असतात. जोडनावांत शब्द एकमेकांना चिकटवून लिहावेत, पहिला शब्द लहान अक्षराने सुरू करावा, पुढच्या प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे ठेवावे, आणि टीसीपी व यूडीपी ही सगळी मोठ्या अक्षरांत लिहावीत. पोर्टांची यादी लिहिणारी ओळ साधारण अशी दिसते:

नेटवर्किंग.फायरवॉल.अलाउडटीसीपीपोर्ट्स = [ २२ ६३१ ];

या एका ओळीत तीन ठिकाणी पाय घसरतो. चौकटी कंसातील आकड्यांमध्ये स्वल्पविराम नसतो, फक्त मोकळी जागा असते. दुसऱ्या भाषांत प्रोग्रॅम लिहिण्याची सवय असलेला माणूस येथे हटकून स्वल्पविराम टाकतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो, आणि तो राहिला तर चूक दाखवणारा संदेश बहुधा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून आधी वरची ओळ पाहावी. तिसरी चूक खास आपली आहे: कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि आकडे नागरी पडले, तर डोळ्याला सगळे ठीक दिसते पण प्रणाली ती ओळ नाकारते. मी या चुकीवर एक अख्खी दुपार घालवली आहे.

एक गोष्ट मात्र प्रणाली आपल्यासाठी सांभाळते. पोर्टाचा आकडा ६५५३५ च्या वर जाऊ शकत नाही हे तिला ठाऊक असते, त्यामुळे ८०८० ऐवजी चुकून ८०८०० लिहिले तर नियम लागू होण्यापूर्वीच ती थांबते.

४. पहिल्या ओळी

निक्सओएसमध्ये फायरवॉल मुळातच चालू असते. तरीही नेटवर्किंग.फायरवॉल.एनेबल = ट्रू ही ओळ मी स्वतः लिहून ठेवतो, म्हणजे फाईल वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. त्यानंतर वर दाखवलेली टीसीपीची यादी आणि गरज असेल तर तशीच यूडीपीची यादी लिहावी. सलग पोर्ट हवी असतील तर पोर्टरेंजेस या नावाने संपणारी वेगळी यादी असते आणि तिच्यात फ्रॉम व टू असे दोन आकडे द्यावे लागतात. फोन आणि संगणक जोडणाऱ्या केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ ही पोर्ट टीसीपी आणि यूडीपी अशा दोन्ही प्रकारांत लागतात, तिथे ही यादी कामी येते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बऱ्याच सेवांना ओपनफायरवॉल नावाची स्वतःची कळ असते, आणि ती ट्रू, म्हणजे चालू, असेल तर त्या सेवेची पोर्ट आपण काहीही न लिहिता उघडतात. एसएसएचच्या बाबतीत ही कळ मुळातच ट्रू असते. सांबाच्या बाबतीत ती फॉल्स असते. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्या प्रणाली एकमेकींत मिसळते, त्यामुळे आपल्या यादीतून २२ काढून टाकले म्हणजे ते बंद झाले असे समजू नये. सगळे मिसळल्यावर शेवटी काय उरले ते निक्सओएस-ऑप्शन या आज्ञेला त्या यादीचे पूर्ण नाव देऊन पाहता येते. नवख्या माणसाने ही आज्ञा पहिल्याच दिवशी चालवून पाहावी.

५. दार कोणासाठी उघडायचे

वरच्या यादीत लिहिलेले पोर्ट प्रत्येक जोडणीवर उघडते, मग ती तार असो, वाय-फाय असो की वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून केलेली खासगी जोडणी, असो. कागदावरचा तिसरा रकाना येथे उपयोगी पडतो. नेटवर्किंग.फायरवॉल.इंटरफेसेस यापुढे इंटरफेसचे, म्हणजे त्या जोडणीचे, नाव अवतरणचिन्हांत लिहून त्याच्यापुढे तीच अलाउडटीसीपीपोर्ट्सची यादी दिली, तर ते पोर्ट तेवढ्याच जोडणीवर उघडते. नाव आठवणीने लिहू नये. आयपी लिंक ही आज्ञा चालवून तिथून उतरवून घ्यावे. तारेच्या जोडणीचे नाव ती कोणत्या खाचेत बसली आहे त्यावरून ठरते, त्यामुळे नवे कार्ड बसवल्यावर ते बदललेलेही आढळते.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून निवड करायची असेल तर या साध्या याद्या पुरत नाहीत. त्यासाठी नेटवर्किंग.एनएफटेबल्स.एनेबल = ट्रू करून फायरवॉलच्या एक्स्ट्राइनपुटरूल्स या जागी एनएफटेबल्सच्या भाषेतला नियम लिहावा लागतो. एनएफटेबल्स हा जुन्या आयपीटेबल्सचा वारस आहे आणि तो २०१४ च्या जानेवारीत आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आहे. आमच्या दुकानाचा नियम असा आहे:

आयपी एसॲडर १९२.१६८.१.०/२४ टीसीपी डीपोर्ट ४४५ ॲक्सेप्ट

एसॲडर म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता; त्यापुढचे /२४ म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते. रोमनमध्ये लिहिताना त्यात डी दोनदा येतो. डीपोर्ट म्हणजे आपल्या यंत्रावरचे पोर्ट. हा नियम लिहिला आणि ४४५ चा आकडा सर्वसाधारण यादीतही तसाच राहू दिला, तर नियमाला काही अर्थ उरत नाही, कारण यादीने ते दार सगळ्यांनाच उघडून दिलेले असते. आणखी एक: एनएफटेबल्स चालू केल्यावर एक्स्ट्राकमांड्स या जागी लिहिलेल्या जुन्या आयपीटेबल्सच्या ओळी चालत नाहीत. इतरांच्या फाईलमधून तुकडे उचलताना ते कोणत्या भाषेतले आहेत हे आधी पाहून घ्यावे.

६. लागू करणे, आणि माझी एक चूक

लागू करण्याची आज्ञा निक्सओएस-रिबिल्ड ही आहे आणि तिच्यापुढे कोणता शब्द लिहायचा यावर बरेच काही ठरते. स्विच लिहिले तर नवी स्थिती लगेच लागू होते आणि यंत्र पुढच्या वेळी सुरू होतानाही तीच घेते. टेस्ट लिहिले तर नवी स्थिती लगेच लागू होते, पण यंत्र पुन्हा सुरू झाले की आधीची स्थिती परत येते. दूरच्या यंत्रावर फायरवॉल बदलताना पहिल्यांदा नेहमी टेस्टच लिहावे.

हे मला पुस्तकाने नव्हे, मे महिन्यातल्या एका दुपारने शिकवले. एसएसएच फक्त वायरगार्डच्या बोगद्यातूनच मिळावे म्हणून मी त्याची ओपनफायरवॉल फॉल्स केली आणि २२ हे पोर्ट बोगद्याच्या इंटरफेसपुरते लिहिले. त्या इंटरफेसच्या नावात शेवटी शून्य होते. माझ्या बोटांनी तिथे रोमन ओ टाइप केला. प्रणालीने काहीच तक्रार केली नाही, कारण त्या नावाचा इंटरफेस उद्या येऊही शकतो, असे ती धरून चालते. मी स्विच केले. माझ्यासमोरची खिडकी नेहमीसारखीच चालत होती, कारण आधीपासून जुळलेली जोडणी फायरवॉल तोडत नाही; ती फक्त नव्या येणाऱ्यांना अडवते. मी समाधानाने खिडकी बंद केली, आणि त्यानंतर यंत्राने मला आत घेतले नाही.

दुकानात फोन केला. तिथल्या पोऱ्याने माळ्यावर चढून सांगितले, ‘भाऊ, डब्बा त सुरूच हाये, लाइट बी लुकलुक करून राह्यला.’ डबा सुरूच होता, अडचण तीच होती. मी टेस्ट लिहिले असते तर ‘बटन बंद करून पुन्हा चालू कर’ एवढे सांगून काम भागले असते. स्विच केल्यामुळे यंत्र पुन्हा सुरू करूनही तीच चूक परत आली असती. निक्सओएसमध्ये सुरू होताना जुनी स्थिती निवडण्याचा मेनू येतो, पण तो पाहायला मॉनिटर लागतो. तेव्हा दुपट्ट्याने डोके-तोंड बांधून, स्कूटरच्या पायदानावर मॉनिटर उभा ठेवून, भर दुपारी दोन वाजता त्रिमूर्तीनगरहून इतवारीपर्यंत जावे लागले. मेनूतून जुनी स्थिती निवडायला अर्धे मिनिट लागले.

तेव्हापासून मी ठरवलेला क्रम असा आहे. आधी शटडाऊन ही आज्ञा वजा आर आणि अधिक १० असे लिहून चालवतो. म्हणजे यंत्र दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होणार हे ठरून जाते. मग निक्सओएस-रिबिल्ड टेस्ट करतो. जुनी खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहतो. प्रवेश मिळाला तर शटडाऊन वजा सी लिहून ठरलेले पुनरारंभ रद्द करतो आणि लगेच स्विच करतो. प्रवेश मिळाला नाही तर हात जोडून बसतो. दहा मिनिटांनी यंत्र स्वतःच जुन्या नियमांवर परत येते.

‘लगेच स्विच करतो’ यातल्या लगेचवर माझा भर आहे. टेस्ट यशस्वी झाली म्हणून काम संपले असे समजून उठलात, तर उन्हाळ्यात पहिल्यांदा वीज जाईल तेव्हा जुने नियम परत येतील, आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज का चालत नाही हे कोणालाच कळणार नाही.

७. बाहेरून तपासणे

दुसऱ्या संगणकावरून एनमॅपला यंत्राचा पत्ता द्यावा. प्रत्येक पोर्टापुढे तो ओपन, क्लोज्ड किंवा फिल्टर्ड यांपैकी एक शब्द दाखवतो, आणि या तीन शब्दांतला फरक ज्याला कळला त्याची निम्मी डोकेदुखी गेली. ओपन म्हणजे दार उघडे आहे आणि आत सेवा बसलेली आहे. क्लोज्ड म्हणजे फायरवॉलने आत येऊ दिले, पण त्या पोर्टावर कोणी ऐकत नाही. फिल्टर्ड म्हणजे फायरवॉलने आलेले पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, गुपचूप टाकून दिले.

एनमॅप नसला तरी साध्या प्रोग्रॅमच्या वागण्यावरून हेच ओळखता येते. जोडणी तत्काळ नाकारली गेली तर फायरवॉलला दोष देऊ नये. सेवा बंद आहे, किंवा ती फक्त १२७.०.०.१ या स्वतःच्या पत्त्यावर ऐकत आहे. एसएस ही आज्ञा वजा टीएलएनपी लावून चालवली की कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते ते दिसते. उलट बराच वेळ काहीच न होता शेवटी मुदत संपल्याचा संदेश आला, तर संशय फायरवॉलवर घ्यावा, कारण निक्सओएसची फायरवॉल मुळात नकार कळवत नाही, फक्त गप्प राहते. यूडीपीच्या बाबतीत मात्र एनमॅपचे उत्तर बहुधा संदिग्ध येते. तिथे सेवा प्रत्यक्ष वापरून पाहणे हाच उपाय.

अडवलेल्या टीसीपी जोडण्यांची नोंद गाभ्याच्या लॉगमध्ये होते. जर्नलसीटीएल वजा के लिहून त्यात ‘रिफ्यूज्ड कनेक्शन’ हे शब्द शोधावेत. प्रत्येक ओळीत आयएन पुढे इंटरफेसचे नाव, एसआरसी पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि डीपीटी पुढे पोर्ट असते. माझ्या त्या शून्याच्या चुकीचा सगळा पुरावा तिथे ओळीने पडलेला होता: बोगद्याचे खरे नाव, माझा पत्ता, आणि २२.

८. जिथे ही फाईल पुरत नाही

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारे साधन, वापरत असाल तर येथे थांबून वाचावे. कंटेनरचे पोर्ट बाहेर काढताना डॉकर स्वतःचे नियम गाभ्यात घालतो आणि ती वाहतूक यंत्रासाठी आलेली न मानता पुढे पाठवली जाते, त्यामुळे आपली यादी तिला लागूच होत नाही. फाईलमध्ये ८०८० कुठेही नसताना ते सगळ्या नेटवर्कला उघडे दिसते, याचे कारण हे आहे. कंटेनर फक्त यंत्रापुरता हवा असेल तर पोर्टाच्या आकड्यांआधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा.

वायरगार्डमधून सगळीच वाहतूक न्यायची असेल आणि बोगदा जुळूनही पाकिटे हरवत असतील, तर पाकीट योग्य वाटेने आले का ते तपासणारी चेकरिव्हर्सपाथ ही कळ लूज करून पाहावी. आणि काही चालत नाही म्हणून ‘क्षणभर’ फायरवॉल बंद करून पाहण्याचा मोह झाला, तर तोही टेस्टनेच करावा.

९. कारण लिहून ठेवणे

प्रत्येक पोर्टाच्या ओळीवर हॅशचे चिन्ह देऊन ते पोर्ट कोणासाठी आणि कधी उघडले ते लिहावे, आणि अख्खे फोल्डर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवावे. फ्लेक्स, म्हणजे निक्सच्या फाईली मांडण्याची नवी रीत, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नवी फाईल गिटमध्ये ॲड केल्याशिवाय प्रणालीला ती दिसतच नाही. फायरवॉलसाठी वेगळी फाईल केली की हा घोळ हमखास होतो.

यंदा संक्रांतीला फाईल चाळत होतो तेव्हा ५५४ या पोर्टावर माझ्याच हातची एक टीप सापडली: ‘कॅमेऱ्याचे चित्र भाऊजींच्या फोनवर, दिवाळीनंतर काढणे.’ त्यानंतर दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. भाऊजींना फोन केला तर तो कॅमेरा केव्हाच विकला गेला होता. ओळ काढली, टेस्ट केले, दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन पाहिले, आणि मग स्विच केले.